महर्षी शिंदे : घर, उपासना आणि सेवा

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. बाजारात कानडी, दरबारात मराठी आणि शिंद्यांच्या घरात पंढरीची वारी, असे त्या बालपणाचे वातावरण होते. आजोबांचे नाव बसप्पा आणि नातवाचे विठ्ठल, एवढ्यावरूनही त्या सीमाभागातल्या घराची घडण ओळखता येते. वडील रामजीबाबा संस्थानच्या नोकरीत होते आणि पक्के वारकरी होते. आई यमुनाबाई शांत, सोशिक. घरात पाहुण्यारावळ्यांचा, साधुसंतांचा राबता होता, आणि येणाऱ्याची जात विचारून त्याला ओसरीवर की आत बसवायचे हे ठरवण्याची रीत त्या घरात फारशी नव्हती. शिंद्यांनी पुढे आत्मचरित्रात या घराविषयी, विशेषतः आईविषयी, फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. आपल्या धर्माचे मूळ ते ग्रंथांत शोधण्याआधी या घरात शोधतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अस्पृश्यता निवारणाच्या इतिहासात शिंद्यांचे नाव ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’चे संस्थापक म्हणून येते. संशोधक, ब्राह्म धर्माचे प्रचारक, शेतकरी परिषदांचे अध्यक्ष, भाषाशास्त्राचे अभ्यासक अशा त्यांच्या इतर ओळखीही सांगितल्या जातात. त्यांच्यातला कुटुंबवत्सल माणूस मात्र या ओळखींच्या गर्दीत मागे राहतो. वास्तविक त्यांच्या सार्वजनिक कार्याची उकल त्यांच्या घराकडे पाहिल्याशिवाय होत नाही. घर सोडून समाजसेवेला लागलेल्या माणसांची चरित्रे मराठीत पुष्कळ आहेत. शिंद्यांनी घर सोडले नाही, ते घरच सेवेत घेऊन गेले. वडील, पत्नी, बहिणी, मुले असा सारा संसार त्यांनी अस्पृश्यांच्या वस्तीशेजारी नेऊन मांडला, आणि त्या संसारातल्या बायकांनी मिशनचे निम्मे काम उचलले.

त्यांच्या धर्मविचाराची पहिली कसोटी घरातच लागली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विठ्ठलरावांचे लग्न लहानपणीच रुक्मिणीबाईंशी झाले. धाकटी बहीण जनाबाई, घरातली जनाक्का, हिचेही लग्न अजाण वयात लावून देण्यात आले होते. सासरी तिचा छळ झाला. मुलीने सासरी कितीही सोसले तरी तिला परत तिथेच धाडायचे, हा त्या काळचा सर्वमान्य शिरस्ता होता. माहेरी ठेवून घेतली तर भाऊबंद बोट दाखवत. विठ्ठलरावांनी बहिणीला परत पाठवले नाही. तिने शिकावे आणि आपल्या पायावर उभे राहावे, असे त्यांनी ठरवले आणि तिला पुण्याला शिक्षणासाठी आणले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एका मराठा कुटुंबातली, नवऱ्याने टाकलेली मुलगी शाळेत जाऊन शिकते, ही साधी गोष्ट नव्हती. सुधारणेवरची भाषणे पुण्यात रोज होत होती, पण अशा मुलीला हाताला धरून शाळेच्या दारापर्यंत नेणारे भाऊ थोडे होते. पुढे हीच जनाक्का मिशनची पहिल्या फळीची कार्यकर्ती झाली.

विठ्ठलराव १८९३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. प्राचार्य होते गोपाळ गणेश आगरकर, आणि गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे. डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनची आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कुठे शिक्षणाचा खर्च भागला. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनाने पारंपरिक श्रद्धेला तडे गेले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीने स्त्रियांच्या हालांविषयी मन हलवले. घरात जनाक्का असताना ती कादंबरी नुसती कादंबरी म्हणून वाचणे त्यांना शक्यच नव्हते. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले. कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईला गेले खरे, पण वकिली करायची नाही हे मनात पक्के होत चालले होते. याच सुमारास त्यांनी प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली.

हा समाज १८६७ साली मुंबईत स्थापन झाला होता. डॉ. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, न्यायमूर्ती नारायण चंदावरकर ही त्यातली ठळक नावे. एकच ईश्वर, मूर्तीविना उपासना, जातिभेदाला नकार आणि तुकारामादी संतांच्या अभंगांचा आधार हे त्याचे सूत्र. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या विठ्ठलरावांना यातले अभंग परके नव्हते. त्यांना खटकले ते वेगळेच. समाजातली बहुतेक मंडळी उच्चवर्णीय आणि सुस्थितीतली होती. दर रविवारी उपासना होई, प्रवचन होई, मंडळी घरी जात, आणि घरातली देवघरे, मुंजी, जातीत ठरणारी लग्ने पूर्वीसारखीच चालू राहत. ज्या सत्याची उपासना मंदिरात केली ते घरच्या चुलीपर्यंत पोहोचत नसेल तर त्या उपासनेला अर्थ काय, हा प्रश्न शिंद्यांनी समाजातल्या वडीलधाऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा मांडला. त्यांचा आणि समाजाचा पुढे जो दुरावा झाला त्याचे बीज या प्रश्नात आहे.

ब्रिटिश अँड फॉरिन युनिटेरियन असोसिएशनच्या शिष्यवृत्तीवर १९०१ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माच्या अभ्यासासाठी गेले. प्रवासखर्चाला सयाजीरावांनी हात दिला. दोन वर्षांच्या मुक्कामात त्यांनी एस्टलिन कार्पेंटर यांच्याकडे तौलनिक धर्माचा आणि ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याकडे बौद्ध धर्माचा व पालीचा अभ्यास केला. इंग्लंडातून ते ‘सुबोधपत्रिके’साठी प्रवासवर्णने लिहीत. १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला.

या मुक्कामात त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो युनिटेरियन पंथाच्या ‘डोमेस्टिक मिशन’चा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोस्टनच्या जोसेफ टकरमन यांच्या कामावरून इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत ही मिशने निघाली. गरीब वस्तीत राहायचे, घरोघर जायचे, आजाऱ्याची विचारपूस करायची, मुलांना शिकवायचे, बायकांना शिवणकाम दाखवायचे आणि त्या माणसांशी घरोब्याचे नाते जोडायचे, अशी त्यांची पद्धत. व्यासपीठावरून दया दाखवण्यापेक्षा उंबऱ्याशी बसून ओळख करून घेण्यावर भर. ज्याच्या स्वतःच्या घरात दार सर्वांना उघडे होते त्या माणसाला ही पद्धत लगेच आपली वाटली असेल तर नवल नाही. मुंबईत परळला पुढे जे उभे राहिले त्याचा आराखडा इथे पाहायला मिळतो.

१९०३ च्या अखेरीस ते परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. बॅरिस्टर होऊन किंवा बडोद्याच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर चढून घराचे दारिद्र्य फेडावे, अशी अपेक्षा नातेवाइकांनी ठेवली असती तर ती वावगी नव्हती. विलायत करून आलेला मुलगा धर्मप्रचारकाच्या तुटपुंज्या मानधनावर संसार मांडतो, हे घरच्यांना पचणे सोपे नव्हते. पण हे घर वारकऱ्याचे होते. पोराने देवाचे काम धरले, या एका समजुतीवर रामजीबाबांनी आणि घरातल्या बायकांनी ही निवड स्वीकारली. शिंद्यांच्या चरित्रात त्यांच्या त्यागाचे कौतुक होते. घरच्यांच्या या संमतीचे तेवढेच कौतुक व्हायला हवे, कारण रोजच्या हातातोंडाच्या गाठीची झळ सर्वांत आधी त्यांना लागत होती.

प्रचारक म्हणून शिंदे देशभर हिंडले. जिथे जातील तिथल्या अस्पृश्यांच्या वस्त्या पाहायच्या, माणसांशी बोलायचे, टिपणे करायची असा त्यांचा परिपाठ होता. १९०१ च्या खानेसुमारीचे अहवाल चाळून त्यांनी देशातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची संख्या काढली आणि हा प्रश्न किती अफाट आहे हे लेख लिहून सुशिक्षितांपुढे मांडले. १९०५ मध्ये अहमदनगरला गेले असताना जवळच्या भिंगार येथे अस्पृश्यांनी त्यांच्यासाठी रात्री सभा बोलावली. दिवसभराची मजुरी आटोपून आलेल्या त्या माणसांसमोर, अपरात्री, आपल्या आयुष्याचे काम कोणते याचा त्यांचा निश्चय झाला. शिंदे हे भावनेच्या भरात आणाभाका घेणाऱ्यांपैकी नव्हते. आधी आकडे गोळा केले, वस्त्या पाहिल्या, मग भिंगारची रात्र आली, आणि तिच्यानंतर वर्ष दीड वर्षात संस्था उभी राहिली.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, मुंबईत परळला मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात अस्पृश्य मुलांसाठी पहिली शाळा उघडली. संस्थेचे मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. लोकांच्या तोंडी ती ‘मिशन’ म्हणूनच राहिली. न्यायमूर्ती चंदावरकर अध्यक्ष होते, शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभीच हजार रुपयांची देणगी दिली, आणि सरचिटणीसपद शिंद्यांकडे आले. शिक्षणाचा प्रसार, नोकऱ्या मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि उदार धर्म, शील व नागरिकत्व यांची शिकवण देणे, असे संस्थेचे हेतू लिहून ठेवलेले होते. धर्मांतर घडवणे हा हेतू त्यांत नव्हता. मिशनऱ्यांच्या शाळांहून हा मोठा फरक होता, आणि नुसत्या सरकारी शाळेहूनही ही संस्था निराळी होती, कारण शिक्षणाइतकेच माणसाच्या घराशी नाते जोडण्याला तिच्यात महत्त्व होते.

परळ तेव्हा गिरण्यांच्या भोंग्यांवर चालत होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले अस्पृश्य मजूर चाळींच्या कोंदट खोल्यांत आणि झोपड्यांत राहत. १८९६ पासूनच्या प्लेगने या वस्त्यांची दैना केली होती. अशा ठिकाणी शाळा उघडून भागत नसे. मुलगा का येत नाही ते पाहायला घरी जावे लागे. तिथे कळे की आई कामावर गेली आहे आणि त्याच्याकडे धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम आहे, किंवा बाप तापाने निजून आहे. हे घरोघर जाण्याचे काम पुरुषांना जमण्यासारखे नव्हते. परक्या बाप्याला पाहून बायका दार लोटून घेत. म्हणून १९०७ मध्ये शिंद्यांनी ‘निराश्रित सेवासदन’ ही स्त्री कार्यकर्त्यांची शाखा काढली आणि तिचे काम जनाक्काकडे सोपवले.

जनाक्का त्या वस्तीत हिंडत. आजारी बाईची शुश्रूषा करायची, मूल दवाखान्यात न्यायचे, मुलींना शिवण शिकवायचे, शाळेत यायला सांगायचे हा सेवासदनाचा दिनक्रम. लहानपणी सासरी छळ सोसून माहेरी परतलेल्या, समाजाने ‘टाकलेली’ म्हणून मोडीत काढलेल्या या बाईला, ज्यांना साऱ्या गावाने मोडीत काढले आहे अशा बायकांशी बोलताना शब्द शोधावे लागले नसतील. शिंद्यांनी बहिणीला शिकवले तेव्हा ते भावाचे कर्तव्य म्हणून शिकवले असेल. त्याचे फळ परळच्या चाळीतल्या बायकांना मिळाले. मिशनच्या आरंभीच्या यशात सरचिटणिसांच्या इंग्रजी अहवालांइतकाच जनाक्कांच्या पायपिटीचा वाटा आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

शिंद्यांचे बाकीचे घरही या कामात ओढले गेले. वृद्ध रामजीबाबा, रुक्मिणीबाई आणि बहिणी मिशनच्या परिसरात राहिल्या. वसतिगृहातली मुले आणि घरातली मुले यांच्यात पंक्तिभेद नव्हता. ज्या काळी अस्पृश्याची सावली टाळण्यासाठी माणसे रस्ता बदलत, त्या काळी एका मराठा कुटुंबातल्या बायका महार, मांग, चांभार मुलांना आपल्या हाताने वाढत होत्या आणि त्यांच्याबरोबर जेवत होत्या. नातेवाइकांत याची कुजबुज झाली, पुढे उघड हेटाळणी झाली. जातीतले लोक पंक्तीला बोलावेनासे झाले. सार्वजनिक माणसाला अशा बहिष्काराचा मोबदला म्हणून निदान कीर्ती मिळते. त्याच्या बायकोला आणि बहिणीला तीही मिळत नाही. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, बारशाला त्यांची वाटच पाहिली जात नाही. रुक्मिणीबाईंनी हे निमूट सोसले. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले असते तर मराठी सुधारणेच्या इतिहासाचे एक मोठे पान आपल्याला वाचायला मिळाले असते.

मिशनचे कार्यकर्तेही एका घरासारखे जमले होते. परळच्या शाळेचे काम वामनराव सोहोनी पाहत. सय्यद अब्दुल कादर आणि त्यांच्या पत्नी कल्याणीबाई यांनी संस्थेला वाहून घेतले. मराठा, ब्राह्मण, मुसलमान आणि अस्पृश्य कुटुंबे एका आवारात राहून एकत्र उपासना करतात, हे दृश्य १९१० च्या आसपासच्या मुंबईत अपूर्वच म्हटले पाहिजे. शाळेला जोडून शिवणकाम, पुस्तकबांधणी असे हातचे धंदे शिकवले जात. १९०८ मध्ये पुण्याला शाखा निघाली, डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी तिचे अध्यक्षपद भूषवले. पाठोपाठ हुबळी, अकोला, अमरावती, दापोली, सातारा, बेंगळुरू, मद्रास अशा ठिकाणी शाखा किंवा जोडसंस्था उभ्या राहिल्या.

प्रार्थना समाजाशी असलेले नाते मात्र ताणत गेले. समाजातल्या वरिष्ठांना उपासना आणि प्रचार एवढेच प्रचारकाचे काम वाटे. वस्तीत जाऊन राहणारा, होळीतल्या बीभत्स प्रकारांविरुद्ध होलिका संमेलन भरवणारा, मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध चळवळ करणारा प्रचारक त्यांना पेलत नव्हता. १९१० मध्ये शिंद्यांनी प्रचारकाचे पद सोडले. नियमित मानधन गेले. ब्राह्म धर्मावरची निष्ठा मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पद सुटते आणि श्रद्धा राहते, तेव्हाच ती श्रद्धा पदासाठी नव्हती हे सिद्ध होते.

१९१२ मध्ये त्यांनी आपल्या कामाचे ठाणे पुण्याला हलवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात अस्पृश्यता निवारक परिषद भरली आणि तिथे निरनिराळ्या जातींच्या मंडळींचे सहभोजन झाले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या देणगीतून भोकरवाडीत मिशनची इमारत उभी राहिली. तिला अहिल्याश्रम असे नाव दिले गेले. कुटुंब पुन्हा हलले, पुन्हा वसतिगृहाच्या जवळ. परळला जे झाले तेच इथे नव्याने झाले.

पुढच्या दशकात शिंद्यांनी हा प्रश्न राष्ट्रीय सभेच्या मांडवात नेला. १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव मंजूर झाला, त्यामागे त्यांची मोठी खटपट होती. मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत लोकमान्य टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. पण अस्पृश्यता स्वतःच्या आचरणात पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सही करायला त्यांनी नकार दिला. शिंद्यांचा आग्रह नेमका या सहीचा होता. भाषण व्यासपीठावर होते, सही घरात पाळावी लागते. ज्याच्या घरात ती सही आधीच अमलात आली होती अशा माणसानेच हा जाहीरनामा पुढे करावा, हे त्यांच्या स्वभावाला धरून होते.

पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला तेव्हा ते मुलांपुरते ठेवावे आणि मुलींचे मागाहून पाहावे, असा एका बलवान गटाचा सूर होता. शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. १९२० मध्ये पुण्यात यासाठी स्त्रियांची मिरवणूक निघाली आणि सभांत खडाजंगी झाली. त्याच वर्षी कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखलेल्या जागेवर उभे राहण्याची सूचना त्यांना आली होती. जातीच्या नावावर मत मागणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले.

अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न पुढे आला तेव्हा मिशनमध्ये ओढाताण सुरू झाली. संस्थेची सूत्रे सवर्णांच्या हाती का, असा सवाल शिकून तयार झालेले अस्पृश्य तरुण करू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आणि शिंद्यांचा विभक्त मतदारसंघाच्या प्रश्नावर स्पष्ट मतभेद होता. कारभाराविषयीचा तरुणांचा सवाल रास्त होता, हे आज शांतपणे मान्य करायला हवे. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्या हाती तिचा कारभार जावा, ही मागणी त्या संस्थेने दिलेल्या शिक्षणातूनच जन्मली होती. शिंद्यांनाही तो प्रवाह कळला. १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून बाहेर पडले. सतरा वर्षे वाढवलेली संस्था सोडताना त्यांच्या मनाला यातना झाल्या नसतील असे नाही, पण तिच्यावर आपली मालकी सांगावी असे त्यांना कधी वाटले नाही.

१९२४ मध्ये ते मंगळूरच्या ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून गेले आणि त्याच काळात वायकोमच्या सत्याग्रहाच्या ठिकाणी जाऊन आले. १९२७ मध्ये बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी ब्रह्मदेशाचा प्रवास केला. परत आल्यावर शेतकऱ्यांच्या परिषदा भरवल्या, अस्पृश्यांच्या पर्वती सत्याग्रहाला पाठिंबा दिला. १९३० च्या कायदेभंगात वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी रोजनिशी लिहिली. ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्या मिशनऱ्याच्या किंवा प्रशासकाच्या नजरेने लिहिलेल्या अहवालांहून हा ग्रंथ वेगळा आहे. लेखकाने वस्त्या पायाखाली घातल्या आहेत, हे त्याच्या पानापानांतून जाणवते. कानडी आणि मराठी यांच्या संबंधांवर त्यांनी केलेले लेखनही मोलाचे आहे. जमखंडीच्या दोन भाषांच्या बाजारात वाढलेल्या मुलाला हा विषय सुचला यात आश्चर्य नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी पुण्यात ‘कौटुंबिक उपासना मंडळ’ काढले. मंदिराची वास्तू नाही, पगारी प्रचारक नाही. ठरल्या दिवशी सभासदांपैकी एकाच्या घरी सारी मंडळी जमायची. पुरुष, बायका, म्हातारी माणसे, मुले एका बैठकीत बसत. अभंग, प्रार्थना, थोडे निरूपण आणि मग त्या घरच्यांशी बोलणे. घरातल्या बायकांसमोर जी प्रार्थना होते ती पुरुषाला मोडता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आठवण करून देणारे माणूस घरातच असते. प्रार्थना समाजाविषयी तरुणपणी जी तक्रार होती तिचे उत्तर त्यांनी साठीच्या उंबऱ्यावर असे कृतीने दिले. त्यांच्या साऱ्या संस्थांत ही सर्वांत लहान आणि चरित्रांत सर्वांत कमी जागा मिळालेली. धर्माविषयी त्यांना काय म्हणायचे होते ते समजून घ्यायचे तर इथून सुरुवात करावी.

शिंद्यांच्या वाट्याला उपेक्षा आली, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सारे जण म्हणतात, आणि ते खरे आहे. ब्राह्मणेतर चळवळीतल्या अनेकांना ते ब्राह्म समाजी आणि काँग्रेसवाले वाटले. सनातनी ब्राह्मणांना ते धर्मबुडवे वाटले. मराठ्यांना ते जातीबाहेर गेलेले वाटले. आणि अस्पृश्यांच्या नव्या नेतृत्वाला ते सवर्ण वाटले. प्रत्येक गटाला त्यांच्यातला एकेक भाग नको होता. पण परळच्या चाळीतल्या आजाऱ्याने, भोकरवाडीच्या वसतिगृहातल्या मुलाने, सासरहून परतलेल्या बहिणीने त्यांना कोणत्या गटाचे म्हणून ओळखले नाही. त्यांच्या लेखी ते घरचे माणूस होते.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र या काळातच वाचकांपुढे आले. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे डॉ. मा. प. मंगुडकर यांनी त्यांचे लेख संपादित केले, आणि प्रा. गो. मा. पवार यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून ‘महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : जीवन व कार्य’ हे चरित्र लिहिले, २००७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या ग्रंथाला मिळाला.

ज्या वाचकाने शिंद्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपलीकडे ऐकलेले नाही, त्याने त्यांचे आत्मचरित्र हाती घ्यावे. आधी जमखंडीची आणि जनाक्काची प्रकरणे वाचावीत, मग परळची. सुधारकाच्या चरित्रात घरच्या बायकांचे श्रम कुठे आणि कसे येतात, हे त्या पानांत शोधावे, आणि आपल्या गावातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरांत अजून कोणी जनाक्का, कोणी रुक्मिणीबाई हयात असतील तर त्यांच्या आठवणी वेळीच लिहून घ्याव्यात.